डफ, तुणतुणं आणि एक पहाडी आवाज

आपल्या मॅगझिनचा मराठी विभाग उघडला की काय सापडणार हे आता आपल्याला पाठ झालंय. एक लेख आईवर, एक मैत्रीवर, चार-पाच चारोळ्या, सबमिशनच्या हालअपेष्टांवर एक विनोदी लेख आणि एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र, ज्याची सुरुवात जन्मतारखेनं आणि शेवट विनम्र अभिवादनानं होतो. माझा लेख त्या शेवटच्या खात्यातला. फक्त माझा हिरो जरा वेगळा आहे. तो मोटारीवर क्लीनर होता, गिरणीत कामगार होता, मिसरूड फुटायच्या वयात जेलमध्ये जाऊन आला होता, आणि हातात डफ घेऊन उभा राहिला की मैदान गप्प बसायचं. त्याचं नाव शाहीर अमर शेख.

हा विषय मी का निवडला, ते आधी सांगते. मी जिंतूरची. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, येलदरीच्या धरणामुळे आणि नेमगिरीच्या जैन लेण्यांमुळे थोडंफार माहीत असलेलं. माझं शिक्षण मात्र कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे माझी भाषा म्हणजे तीन डब्यांची गाडी. घरात मराठवाडी मराठी, गल्लीत दखनी आणि शाळेत इंग्रजी. मराठी हा आमच्यासाठी शंभर मार्कांचा एक पेपर होता, त्यातही निबंध पाठ करून लिहायचा. गाणं ऐकायचं ते इंग्रजी. अकरावीत गिटार हातात आली, मग गाणी लिहायलाही लागले, तीही इंग्रजीत. आमच्या हॉस्टेलच्या गॅलरीत त्याला टाळ्या मिळतात. घरी गायले की आजी कौतुकानं मान डोलावते आणि विचारते, बाई, हे कशावर आहे?

मला आवडतं ते संगीत म्हणजे अमेरिकेतलं कंट्री, त्यातही ज्याला ऑल्टरनेटिव्ह कंट्री म्हणतात ते. झगमगाट नाही, चकचकीत रेकॉर्डिंग नाही. एक माणूस, एक गिटार आणि त्यानं स्वतः लिहिलेलं गाणं. शेतकरी, ट्रकवाले, बंद पडलेले कारखाने, उधारी, दारू, घर सोडून जाणं, हे त्यातले विषय. या सगळ्या गायकांचा पाठलाग करत मागे गेलं की एक आजोबा भेटतात, वुडी गथ्री. १९१२ साली ओक्लाहोमा राज्यात जन्मलेला, १९३० च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनी उद्ध्वस्त झालेल्या शेतकऱ्यांबरोबर भटकलेला, संपांमध्ये गाणारा, कम्युनिस्ट वर्तमानपत्रात सदर लिहिणारा. १९४१ मध्ये सरकारी वीज खात्यानं त्याला कोलंबिया नदीवरच्या धरणांसाठी गाणी लिहायला बोलावलं आणि पठ्ठ्यानं महिन्याभरात २६ गाणी लिहून दिली. धरणावर गाणी! सिव्हिलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. १९६७ मध्ये तो वारला. त्याच्या वहीत पडून राहिलेल्या शब्दांना १९९८ मध्ये बिली ब्रॅग आणि विल्को या बँडनं चाली लावल्या, आणि आमच्यासारख्या पोरांपर्यंत तो पोचला.

मग माझ्या डोक्यात एक साधा प्रश्न आला. आपल्याकडे असा कुणी नव्हता का? स्वतः लिहिणारा, स्वतः गाणारा, गावोगाव फिरणारा, पोटासाठी अंगमेहनत केलेला आणि सरकारला नको असलेला? लायब्ररीत संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीवरची पुस्तकं चाळताना उत्तर मिळालं. होता की! वुडी गथ्रीपेक्षा चार वर्षांनी लहान आणि त्याच्यानंतर दोन वर्षांनी गेलेला. आणि जिंतूरहून काही फार लांबचाही नाही. बार्शीचा.

अमर शेख यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, गाव बार्शी, जिल्हा सोलापूर. त्या वेळची बार्शी म्हणजे कापसाची आणि धान्याची मोठी पेठ. मुंबई इलाखा आणि निजामाचं राज्य यांच्या शिवेवरचं गाव, त्यामुळे दोन्हीकडचा माल तिथं उतरायचा. मेकॅनिकलवाल्यांसाठी एक माहिती. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं बांधलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये इथंच सुरू झाली, फक्त अडीच फूट रुंदीच्या रुळांवर. १९११ पर्यंत ती लातूरला पोचली होती. म्हणजे मेहबूब पाळण्यात होता तेव्हा मराठवाड्याचा कापूस त्या छोट्या गाडीतून बार्शीमार्गे बाहेर पडत होता. गिरण्या होत्या, हमाल होते, व्यापारी होते. पैसा गावात खूप होता, फक्त पटेलांच्या घरात नव्हता.

घरची गरिबी होती, पण एक श्रीमंती होती. आई मुनेरबी. तिच्या तोंडी लोकगीतं होती. जात्यावर, कामावर, सणावाराला बायका जे गातात ते सगळं. पोराच्या कानावर पहिले सूर पडले ते हेच. इथं मी थोडी थांबले होते, कारण मराठी शाहिरीतला एक सगळ्यात मोठा आवाज एका मुसलमान आईच्या मराठी गाण्यांतून तयार झाला, हे मला कुठल्याही पेपरासाठी पाठ करावं लागलं नव्हतं. जिंतूरला वाढलेल्या माणसाला मात्र याचं फार नवल वाटायला नको. आमच्याकडे भाजीवाली मावशी एका वाक्यात मराठी, उर्दू आणि हिशेबाचे इंग्रजी आकडे सहज वापरते. आमच्या घरच्या जुन्या जमिनीच्या कागदांवर उर्दू आहे, कारण १९५६ पर्यंत जिंतूर हैदराबाद राज्यात होतं. भाषा आणि धर्म यांची कप्प्याकप्प्यांची पेटी शहरात बनत असेल, आमच्याकडे तरी ती गाठोड्यासारखी एकत्र बांधलेली आहे.

शिक्षण फार झालं नाही. पोट भरायला मोटारीवर क्लीनर म्हणून काम केलं, गिरणीत काम केलं. १९३० ते ३२ च्या स्वातंत्र्य चळवळीत हा मुलगा उतरला आणि विसापूरच्या तुरुंगात गेला. वय बघा, चौदा ते सोळा. आपण त्या वयात दहावीच्या क्लासला जात होतो आणि घरचे आपल्याला एकटं एस.टी.नं परभणीला पाठवायला घाबरत होते. तुरुंगात त्याची कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकरांशी गाठ पडली आणि कम्युनिस्ट विचारांची ओळख झाली. बाहेर आल्यावर गिरणी कामगारांच्या संपात पुढे राहिला. म्हणजे आधी मजूर, मग कार्यकर्ता आणि मग शाहीर, असा क्रम. गाणं हे त्याच्यासाठी करिअर म्हणून आलंच नाही. सभेला माणसं जमवायची, जमलेली टिकवायची आणि थकलेल्यांना परत उभं करायचं, या कामाचं ते हत्यार होतं. पुढे काही काळ कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या स्टुडिओतही तो राहिला. सिनेमाची वाट समोर होती. बरेच लोक तिकडेच गेले असते. हा परत माणसांच्या गर्दीत आला. मेहबूब पटेलचा आता अमर शेख झाला होता.

यापुढे मात्र मी अमर शेखांना अहो-जाहो करते, कारण इथून ते सगळ्या महाराष्ट्राचे झाले.

१९४४ साली लाल बावटा कलापथक उभं राहिलं. त्यातली तीन नावं लक्षात ठेवा: अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर. अण्णा भाऊ वाटेगावचे, मातंग समाजातले, शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेले. अमर शेख बार्शीचे, मुसलमान, गिरणीतून आलेले. जातीनं, धर्मानं, गावानं वेगळी माणसं एका डफाभोवती उभी राहिली. काळही कसा, तर दुसरं महायुद्ध चालू, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानं लाखो माणसं मेलेली, मुंबईत रेशनच्या रांगा. हे पथक कामगार वस्त्यांत, चाळींच्या चौकात, शेतकऱ्यांच्या परिषदांत जायचं. पोवाडा, लावणी, छक्कड, वग हे सगळे जुने साचे घ्यायचे आणि त्यात भरायचा आजचा माल: गिरणी, सावकार, संप, भाकरी. तमाशाला लोकनाट्य हे नाव आणि नवा मान मिळाला, तो याच काळात आणि याच लोकांमुळे. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं या पथकाच्या कार्यक्रमांवर बंदीही घातली. तलवार-बंदुकीवर बंदी समजू शकते. तुणतुण्यावर बंदी घालावीशी वाटते, म्हणजे ते तुणतुणं बरोबर जागी लागत असणार.

आता जरा आपल्या विषयाकडे येते. पोवाडा ही एक चांगली डिझाइन केलेली सिस्टिम आहे, असं माझं मत झालंय. आपल्याला माहीत आहे, मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं पडतो. पहिली रांग ५ मीटरवर धरली आणि शेवटची ८० मीटरवर, तर मधे चार वेळा दुप्पट झालं, म्हणजे २४ डेसिबल गेले. मग शेवटच्या माणसाला शब्द कळायचे कसे? शाहिरानं यावर शेकडो वर्षांपूर्वी उपाय शोधले आहेत. तो चढ्या पट्टीत गातो, कारण माणसाचा कान खर्जापेक्षा वरच्या भागात जास्त तिखट असतो. ओळी लहान ठेवतो. एक विचार, एक ओळ. ओळ संपली की मागचे झीलकरी शेवटचा तुकडा उचलतात आणि जी जी करत लांबवतात. त्यामुळे शाहिराला श्वास घ्यायला वेळ मिळतो, आणि मागच्या माणसाला हुकलेला शब्द दुसऱ्यांदा मिळतो. डफ ठेका देतो. तुणतुण्याची एकच तार, पण ती सूर धरून ठेवते, म्हणजे मैदानावर फिरताना गाणाऱ्याची पट्टी सुटत नाही. गाणं थांबवून मधेच बोलायचं, गोष्ट सांगायची, टोमणा मारायचा आणि परत चालीवर यायचं. अगिनदासानं अफझलखान वधावर पोवाडा रचला तेव्हापासून, म्हणजे साडेतीनशेहून जास्त वर्षं, ही सिस्टिम चालू आहे. वीज लागत नाही, स्टेज लागत नाही, आणि सगळं सामान एका एस.टी.च्या टपावर मावतं.

या सिस्टिममध्ये अमर शेखांचा आवाज बसवून बघा. पहाडी, बुलंद, धार असलेला. त्या पिढीतला प्रत्येक जण त्या आवाजाबद्दलच आधी बोलतो. अण्णा भाऊंची लेखणी आणि अमर शेखांचा गळा, अशी ती जोडी. मुंबईसाठी झुरणारी अण्णा भाऊंची 'माझी मैना' ही छक्कड गावोगाव गेली ती मोठ्या प्रमाणात अमर शेखांच्या आवाजावर बसून. स्वतः कवी असलेल्या माणसानं मित्राचं गाणं आपल्यापेक्षा मोठं होऊ द्यायचं, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. आमच्या चार जणांच्या बँडमध्ये पोस्टरवर कुणाचं नाव आधी, यावरून दोन आठवडे अबोला होता, म्हणून सांगते.

मग आली संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. मराठी बोलणारे लोक तेव्हा तीन ठिकाणी वाटले गेले होते: मुंबई राज्य, मध्य प्रदेशातला विदर्भ, आणि हैदराबाद राज्यातला आमचा मराठवाडा. मुंबईसह एक मराठी राज्य हवं ही मागणी. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला, पुढे जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा गोळ्या चालल्या. १०५ हुतात्मे हा आकडा आपण शाळेत ऐकलेला असतो. ६ फेब्रुवारी १९५६ ला संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला गुजरातीभाषकांसह मोठं द्विभाषिक मुंबई राज्य झालं, त्याच दिवशी जिंतूर हैदराबादमधून निघून मुंबई राज्यात आलं. शेवटी १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला.

या साडेचार वर्षांत टीव्ही नव्हता आणि रेडिओ सरकारचा होता. खेड्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. मग राज्य पुनर्रचना आयोग, द्विभाषिक असली अवघड भानगड लोकांना समजली कशी? आचार्य अत्र्यांचं भाषण आणि 'मराठा' दैनिक होतं, प्रबोधनकार ठाकरेंची लेखणी होती, आणि शाहीर होते. अमर शेख, अण्णा भाऊ, गवाणकर, आत्माराम पाटील. सभेच्या आधी शाहीर उभा राहायचा, गर्दी जमायची, तापायची, आणि मग पुढारी बोलायला उठायचा. मला तर वाटतं, आपल्या राज्याच्या पायाभरणीत सिमेंटइतकाच डफाचा वाटा आहे. आणि त्यातला एक मोठा डफ शेख आडनावाच्या माणसाच्या हातात होता, हे १ मे च्या भाषणांमध्ये आणखी थोडं ठळकपणे सांगितलं जावं.

याच माणसानं छत्रपती शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला आणि गायला, होळकरांवर रचला. गोवामुक्तीसाठी गायला. १९६२ मध्ये चीननं आक्रमण केलं तेव्हा कम्युनिस्ट पक्षात मोठा गोंधळ होता, दोन वर्षांनी पक्ष फुटलाच. पण अमर शेख तेव्हाही, आणि पाकिस्तानबरोबरच्या युद्धाच्या वेळीही, डफ घेऊन लोकांपुढे उभे राहिले. त्यांना कुणी प्रमाणपत्र मागितलं असेल का? मला माहीत असलेल्या शेख, पठाण, सय्यद आडनावाच्या मित्रांना ते अधूनमधून मागितलं जातं, कधी चेष्टेत, कधी चेष्टा नसताना. कँटीनमध्ये हसून सोडून देतात बिचारे. त्यांच्यातल्या एकाला मी अमर शेखांबद्दल सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला नाव लिहून दे. मी दिलं. हा लेख लिहायचं पक्कं झालं ते तेव्हा.

अमर शेख नुसते गाणारे होते असंही नाही. 'अमरगीत' हा त्यांचा गीतसंग्रह आणि 'पहिला बळी' हे नाटक, दोन्ही १९५१ चे. मग 'कलश' हा काव्यसंग्रह १९५८ मध्ये आणि 'धरतीमाता' १९६३ मध्ये. 'युगदीप' आणि 'वक्त की आवाज' ही मासिकं त्यांनी संपादित केली. एक नाव मराठी, दुसरं हिंदुस्थानी. अत्र्यांच्या 'महात्मा फुले' आणि पुढे १९६१ च्या 'प्रपंच' या चित्रपटांत भूमिका केल्या. अत्र्यांनी त्यांची तुलना थेट रशियन क्रांतिकवी मायकोव्हस्कीशी केली होती. 'कलश'मधल्या कविता मी माझ्या वेगानं, म्हणजे दिवसाला दोन-तीन अशा वाचल्या. काही शब्दांसाठी आजीला फोन करावा लागला. तिला सगळे शब्द माहीत होते. जो कवी कॉन्व्हेंटच्या मुलीला अवघड आणि तिच्या न शिकलेल्या आजीला सोपा जातो, तो नक्की कुणासाठी लिहीत होता हे वेगळं सांगायला नको.

त्यांच्या पत्नी ज्योती, माहेरच्या कुसुम जयकर. मुलगी मल्लिका अमर शेख स्वतः मोठी कवयित्री. 'वाळूचा प्रियकर' हा तिचा कवितासंग्रह आणि 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे गाजलेलं आत्मकथन. दलित पँथरचे संस्थापक आणि कवी नामदेव ढसाळ हे तिचे पती. म्हणजे बघा, मुनेरबीच्या जात्यावरच्या गाण्यापासून निघालेली रेघ गिरणी, लाल बावटा, संयुक्त महाराष्ट्र करत दलित पँथरच्या उंबऱ्यापर्यंत जाते. एका घराण्यात महाराष्ट्राच्या चळवळींचा अर्धा इतिहास. वारशाला त्यांच्या घरी इस्टेट म्हणून फार काही नसेल, शब्द मात्र भरपूर होते.

शेवट लवकर आला. १९६९ हे वर्ष मराठी माणसासाठी फारच वाईट. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णा भाऊ गेले, अवघ्या ४८ व्या वर्षी, हलाखीत. आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. वय ५२. तारखा मी दोनदा तपासल्या. ७७ दिवसांत संयुक्त महाराष्ट्राचे तीन मोठे आवाज बंद झाले. मोटारीवर क्लीनर म्हणून ज्यानं तरुणपणी काम केलं, जो आयुष्यभर रस्त्यावर फिरत गायला, त्याचा शेवटही रस्त्यावर झाला.

तिकडे वुडी गथ्रीचं नंतर काय झालं ते आपण पाहिलं. त्याच्या मुलीनं कागद सांभाळले, नव्या बँडच्या हातात दिले, आणि मरणानंतर तीस वर्षांनी त्याचे शब्द तरुण पोरांच्या तोंडी आले. आज आपल्या कॉलेजच्या गॅलरीतसुद्धा त्याची गाणी वाजतात. आपल्याकडे मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेख यांच्या नावाचं अध्यासन आहे, ही चांगली गोष्ट. पण अध्यासन विद्यापीठात असतं आणि गाणं हॉस्टेलच्या जिन्यात. आमच्या वर्गात मी विचारून पाहिलं. साठ जणांमध्ये वुडी गथ्रीचं नाव ऐकलेले सात निघाले, अमर शेखांचं ऐकलेले चार. त्यातले दोघे बार्शीकडचे.

मला याचं खापर कुणावर फोडायचं नाही. अमेरिकन गाणी मी यापुढेही ऐकणार, कारण ती मला आवडतात आणि त्यांनीच मला इथपर्यंत आणलं. फक्त मला आता एक गोष्ट कळत नाही आणि ती मी तुमच्यापुढे ठेवते. अमेरिकेतला एखादा गायक त्याच्या खेड्यातलं आजोबांच्या वेळचं गाणं घेतो, त्यात आजचं दुःख भरतो, आणि आपण त्याला कूल म्हणतो. तेच इथं डफावर झालं की आपण त्याला गॅदरिंगमधला सांस्कृतिक कार्यक्रम म्हणतो, फेटा भाड्यानं आणतो आणि दुसऱ्या दिवशी परत करतो. मराठवाड्यात गाण्याचे विषय संपलेत असं तर नाही. पाऊस हुकलेलं सोयाबीन आहे, पुण्याला कामाला गेलेला भाऊ आहे, कर्ज काढून इंजिनिअरिंगला घातलेली मुलगी आहे. हे मी इंग्रजीत लिहून पाहिलं. यमकं छान जुळली, पण त्यातल्या बापाला ते गाणं समजणार नव्हतं.

म्हणून सध्या माझं काम असं चालू आहे. सुट्टीत घरी गेले की आजीच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड करते. आतापर्यंत एकेचाळीस झाल्या. ती मधेच विसरते, मग शेजारच्या फातिमाखाला पुढची ओळ सांगतात, आणि दोघींचं भांडण होतं की खरी ओळ कुठली. दोन्ही ठेवते. गिटारवर त्या चाली सहज बसत नाहीत, कारण ओवीला आपल्या कॉर्डची सवय नाही. एकच तार धरून वाजवलं की मात्र जमतं, तुणतुण्यासारखं. एक मराठी गाणं अर्धं झालंय. तुमच्यापैकी कुणाला डफ वाजवता येत असेल, किंवा नुसतं झीलकरी म्हणून मागे उभं राहून जी जी करायची तयारी असेल, तर लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर नाव लिहून जा. आवाज बरा नसला तरी चालेल. मोठा हवा.